शेवटचं प्रकरण शिवून टाकलं

"वाचलं, मॅडम."

मधल्या सुट्टीची घंटा होऊन दहा मिनिटं झाली नव्हती. सहावीतली एक पोरगी घंटेलाच नेलेली जाडजूड कादंबरी माझ्या टेबलावर ठेवून उभी होती. हाताला अजून खिचडीचा वास.

"काय झालं गं त्यात?"

"खोटं बोलू नये."

त्या कादंबरीत कुणीही खोटं बोलत नाही. विहिरीवर येऊन बसणारा एक खंड्या पक्षी आणि त्याच्यावर पाळत ठेवणारे दोन भाऊ, एवढीच गोष्ट. खोटं बोलायला त्या भावांना वेळच नाही. पण पोरीनं नोंदवहीत चौथ्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, "खोटे बोलू नये", आणि ती लंगडी खेळायला पळाली.

आमच्या शाळेची वाचन-नोंदवही अशी आहे. नाव, पुस्तक, लेखक, बोध. पहिले तीन रकाने बोटभर रुंद आणि बोधाचा वीतभर. शनिवारी सकाळी परिपाठात प्रार्थना आणि सुविचार झाला की एक लेकरू पुढं येतं, पाठ केलेली गोष्ट धाडधाड सांगतं आणि शेवटी म्हणतं, "या कथेतून आपल्याला असा बोध मिळतो की..." मग टाळ्या. मी याच शाळेत शिकले. मीही हे वाक्य म्हटलंय आणि टाळ्या घेतल्यात. बोध सगळे मिळून पाच-सहाच. खोटं बोलू नये, आळस करू नये, गर्व करू नये, आई-वडिलांचं ऐकावं, एकीनं राहावं. लेकरं हुशार असतात. बोध शेवटच्या पानावर असतो हे त्यांनी कधीच हेरलेलं. मग पहिलं पान उघडायचं कशाला? पुस्तक मागून उघडायचं, बोध सापडला तर उतरवायचा, नाही सापडला तर पाचातला एक ठोकून द्यायचा.

याला मी वाचन म्हणत नाही. ही हजेरी झाली.

मी या शाळेत अर्धवेळ ग्रंथपाल आहे. कनेरगाव नाक्यावरून आतल्या रस्त्याला वळलं की हळदीच्या शेतांमागं आमची शाळा दिसते, पाचवी ते दहावी. ग्रंथालय म्हणजे प्रयोगशाळेची एक भिंत, दोन कपाटं आणि एक टेबल, ज्याच्या अर्ध्या भागावर परीक्षानळ्यांचा स्टँड असतो. अर्धवेळ या शब्दाचा मला मनापासून राग आहे. लेकरांनी पुस्तक अर्धंच वाचावं असं ठरवून हे पद काढलंय की काय, असं मी एकदा हेडसरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही पत्रकात बोलता."

खरंच आहे ते. नांदेडला शिकत होते तेव्हा मी पत्रकंच लिहायची. वसतिगृहात पाणी नाही, काढ पत्रक. मुलींची शेवटची बस बंद केली, काढ पत्रक. पत्रकाची रीत ठरलेली असते. पहिल्या ओळीत अन्याय, दुसऱ्या ओळीत त्याला जबाबदार कोण, खाली मागण्या आणि सगळ्यात शेवटी इशारा. त्या बसचं पत्रक लागू पडलं होतं, बस सुरू झाली होती. तेव्हापासून मला वाटायचं की जगात लिहिण्यासारखं हेच.

गेल्या पावसाळ्याअखेर शहरातल्या एका वाचनप्रेमी मंडळाकडून आमच्या शाळेला एक खोकं आलं. चाळीस नव्या बालकादंबऱ्या, कुणीही न उघडलेल्या, शाईचा वास येणाऱ्या. अट एवढीच की वर्ष संपायच्या आत शाळा समितीनं पसंतीचं पत्र द्यायचं. पत्र दिलं तर पुस्तकं कायमची आमची. नाही दिलं तर खोकं परत, मग ते दुसऱ्या कोणत्या तरी शाळेला जाणार. आमच्या दोन कपाटांत तेव्हा होतं काय? जुन्या बोधकथा, थोरांची चरित्रं, आणि सहा प्रती एकाच व्याकरणाच्या. पाचशेच्या जवळपास लेकरांसाठी. ती चाळीस पुस्तकं मला परत जाऊ द्यायची नव्हती. बाकी काहीही झालं तरी चाललं असतं.

हेडसर म्हणाले, "समितीला यादी लागेल. प्रत्येक पुस्तकापुढं त्याचा बोध लिहा. अध्यक्षांना बोध लागतो."

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी खोकं तांड्यावर घरी नेलं आणि चाळीसच्या चाळीस कादंबऱ्या वाचून काढल्या. अंगणात बाज टाकायची, बाजूला याडी, म्हणजे माझी आई, वेचून आणलेला कापूस साफ करत बसायची, आणि मी वाचत बसायची.

पहिल्या पंधरा पुस्तकांत माझं डोकं फिरलं. अहो, या कादंबऱ्यांत गाव नावाची जागा फक्त मे महिन्यात उघडते! शहरातली दोन पोरं सुट्टीला गावी येतात, आंबे खातात, एक रहस्य सोडवतात आणि परत जातात. ती गेल्यावर गावातली पोरं काय करतात, कुणाला पडलेली नाही. प्रत्येक पोराला स्वतःची खोली. खोलीत रुसून बसायचं, मग बाबा दार वाजवून माफी मागणार. आमच्याकडं रुसायचं तर गोठ्यात जावं लागतं आणि तिथं आधीच कुणीतरी रुसलेलं असतं. एका पुस्तकात तांडा होता, मी आनंदानं पान उलटलं, तर तिथं बायका आरशांचे घागरे घालून शेकोटीभोवती नाचून राहिल्या. माझी याडी सोयाबीन काढताना कधी नाचलेली नाही. दुसऱ्या एका पुस्तकात आमच्यासारखंच एक लेकरू होतं, ते शेवटपर्यंत दुःखी, आणि शेवटी शहरातल्या सरांनी त्याला शिकवलं. सर नसते तर ते बिचारं पानावर उभंच राहिलं असतं.

रागारागात मी पुस्तकांचे दोन ढीग केले. ज्यांना काहीतरी भूमिका आहे, अन्यायाचं नाव घेतलंय, ती उजवीकडं. ज्यांना नाही, ती डावीकडं. उजवा ढीग म्हणजे सात पुस्तकं. त्यांच्यासाठी लढायचं, बाकीची गेली तरी हरकत नाही, असं मी ठरवूनही टाकलं होतं.

निळ्या कव्हरची एक कादंबरी डावीकडं टाकायच्या आधी मी याडीला दोन पानं मोठ्यानं वाचून दाखवली. टिंगल म्हणून. "ऐक, काय काय लिहितात. एक पोरगी हाय, तिची बकरी हरवली. झालं. ह्याच्यावर अख्खं पुस्तक." आणि पुस्तक ढिगात फेकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी याडी कापूस साफ करता करता म्हणाली, "मंग? सापडली का?"

"काय?"

"बकरी. कालची."

घरी आम्ही आमच्या गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत बोलतो, इथं मराठीत लिहिते एवढंच. याडी शाळेत गेलेली नाही. तीन दुपारी बसून मी तिला ती सगळी कादंबरी वाचून दाखवली. बाजारातून परतताना त्या पोरीची शेळी गर्दीत चुकते आणि पोरगी दिवसामागून दिवस गावोगाव तिला शोधते. वाटेत कुणी मोठं भाषण देत नाही. कुणी सर भेटत नाहीत. एका म्हातारीकडं ती भाकरी खाते, एका ट्रकवाल्याशी भांडते, एका ठिकाणी दुसऱ्याच शेळीच्या मागं अर्धा दिवस फिरते. याडीच्या हातातली बोंडं तशीच राहायची. शेवट वाचून झाला तेव्हा ती म्हणाली, "पोरीनं बरं केलं."

आणि मी, इतकी शहाणी, पत्रकं लिहिणारी, तिला विचारलं काय? "ह्यातून तुला काय शिकायला मिळालं?"

याडीनं माझ्याकडं असं पाहिलं जसं मला ताप चढलाय. "शिकायला मी काय शाळेत आलते?"

त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. बोध मागते म्हणून मी समितीला नावं ठेवत होते, आणि मी स्वतः काय करत होते? बोधाला भूमिका म्हणत होते. शेवटच्या पानावरून पुस्तक तोलत होते, त्या सहावीतल्या पोरीसारखंच. फक्त मला लंगडी खेळायला जायचं नव्हतं. मी दोन्ही ढीग एक केले आणि पहिल्यापासून पुन्हा वाचायला घेतले. मे महिन्याच्या गावांवरचा माझा राग तसाच राहिला, तो आजही आहे. पण त्यातल्या एका पुस्तकात झाडावर अडकलेल्या पोराचं चाळीस पानांचं एक प्रकरण इतकं भन्नाट आहे की मी त्याच्या लेखकाला आंबे माफ केले.

शाळा उघडल्यावर मी यादी दिली. चाळीस नावं आणि बोधाच्या रकान्यात चाळीस आडव्या रेघा.

पुस्तकं मात्र मी लगेच वाटायला काढली. समिती काय ठरवेल ते ठरवेल, तोवर लेकरांच्या हातून ती फिरायला हवीत, असा माझा हिशेब. आणि मग ते खंड्याचं पुस्तक आलं, दहा मिनिटांत, खोटं बोलू नये घेऊन. मग दुसरं आलं, आळस करू नये. तिसरं आलं, आई-वडिलांचं ऐकावं, आणि त्या कादंबरीतली पोरगी आईचं ऐकत नाही म्हणूनच तिचा जीव वाचतो! मी ओरडले, समजावलं, वर्गात जाऊन भाषण दिलं. लेकरांनी माना हलवल्या आणि पुस्तकं मागून उघडली.

शनिवारी दुपारी मी घरी येऊन याडीला म्हटलं, "मला दाभण दे. आणि जाड दोरा."

"गोधडी घ्यायची का?"

"पुस्तकं शिवायचीत."

"पुस्तकाला काय थंडी वाजून राहिली?"

पण समजल्यावर तिनंच रीत सांगितली. शेवटच्या प्रकरणाची पानं एकत्र धरायची, बाहेरच्या कडेला लांब लांब धावदोरा घालायचा, गाठ वर ठेवायची म्हणजे कापायला सोपी. दोन रविवार आम्ही मायलेकी अंगणात बसून शिवत होतो. याडीचे टाके मोजून आखल्यासारखे, माझे वाकडेतिकडे. तिनं तिच्या कशिद्याच्या डब्यातले रंगीत दोरे काढले, लाल, पिवळा, हिरवा. चाळीसही कादंबऱ्यांची शेवटची प्रकरणं शिवून झाली तेव्हा खोकं लग्नाच्या बस्त्यासारखं दिसत होतं.

सोमवारी फळ्यावर नियम लिहिला. शिवणीपर्यंत वाचा. पुढं काय होईल असं वाटतं ते मॅडमला येऊन सांगा. मग मॅडम कात्रीनं दोरा कापतील. वाचून झालं की पुस्तक पुन्हा शिवलं जाईल, म्हणून शेवट कुणाला सांगायचा नाही. अंदाज चुकला तरी चालेल, पण अंदाज पाहिजे. नोंदवहीत छापलेल्या 'बोध' या शब्दावर मी कागदाची पट्टी चिकटवली आणि लिहिलं, 'पुढं काय होईल?'

पहिले दोन दिवस कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी सातवीतला एकजण आला, शिवण बोटानं चाचपत. "मॅडम, त्यो मेला न्हाई ना?"

"तुला काय वाटतं?"

"मेला तर मी पुस्तक फेकून देईन."

"हा अंदाज नाही, ही धमकी आहे. अंदाज सांग."

त्यानं सांगितला. इतका लांब आणि इतका सुंदर की मूळ शेवट त्याच्यापुढं फिका होता. मी दोरा कापला. कात्रीचा 'कच्च' आवाज झाला आणि प्रयोगशाळेत प्रयोग करणारी नववीची पोरं वळून बघायला लागली. आठवड्याभरात टेबलासमोर रांग. "मॅडम, माझं कापा", "मॅडम, माझा अंदाज आधी ऐका", "ए, तिला सांगू नको, ती माझ्या मागं हाय." मधल्या सुट्टीत लंगडीचं मैदान निम्मं रिकामं. आता खरं तेही सांगते. माझ्या उजव्या ढिगातल्या, भूमिकावाल्या सात पुस्तकांपैकी तीन पुस्तकांचा दोरा आजपर्यंत कुणी कापून मागितलेला नाही. लेकरं अर्ध्यात सोडून देतात. मी याच्यावर अजून विचार करून राहिले आहे.

बातमी हेडसरांपर्यंत जायला वेळ लागला नाही. त्यांनी एक पुस्तक हातात धरलं आणि शिवण पाहून त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"मॅडम, हे काय करून राहिल्या तुम्ही? ही पुस्तकं अजून आपली झालेली नाहीत. समितीनं नको म्हटलं तर परत पाठवायचीत. अशी? भोकं पाडून?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. खरंच सांगते, एकदाही नाही. परतीची वाट मीच दाभणानं बंद केली होती. आता समितीनं नकार दिला असता तर पुस्तकं तर गेलीच असती, वर शाळेची शोभा झाली असती आणि पुढं कुणी आमच्याकडं खोकं पाठवलं नसतं.

दोन दिवसांनी समितीचे अध्यक्ष स्वतः आले. पन्नाशीचा माणूस, खांद्यावर घोंगडी, घरची शेळ्या-मेंढ्यांची खांडं, म्हणजे कळप. सातवी शिकलेले, पण शाळेच्या छतापासून नळापर्यंत सगळ्यासाठी तेच पंचायत समितीला चकरा मारतात, त्यामुळं मी त्यांना मानते. त्यांची लेक आठवीत. त्या वेळी ती माझ्याच टेबलापाशी रांगेत उभी होती.

"म्याडम, ह्या यादीत बोध काहून न्हाई?"

"पुस्तकांत नाही म्हणून, काका."

"चाळीसमधी एकातबी न्हाई?"

"ओढूनताणून काढला असता तर निघाला असता. मी काढला नाही."

"बोध न्हाई तर पुस्तक पाह्यजे कशाला? लेकरानं वाचून करायचं काय?"

मला पत्रकासारखं उत्तर सुचत होतं, पण तेवढ्यात त्यांचा हात निळ्या कव्हरवर गेला. कव्हरवर शेळीचं चित्र आहे. ते त्यांनी डोळ्यांजवळ धरलं. "उस्मानाबादी दिसून राहिली. कान बराबर काढले." मग त्यांनी सरळ शेवट उघडायला घेतला. "बघतो आता, बोध हाय का न्हाई." पान उघडेना. "आं? हे काय, गोधडी शिवली का?"

"बाबा, आधी वाचावं लागतंय," रांगेतून लेक म्हणाली. "नियम हाय."

"घरी नियम माझे, इथं म्याडमचे, व्हय?"

"व्हय."

रांग खदखदली. अध्यक्षांनी पुस्तक काखेत मारलं. "नेतो. वाचून दाखवतो तुमाला, ह्यात काय न्हाई म्हणून. शनवारी बैठक हाय, तवाच बोलू."

"न्या. पण नाव लिहून न्या." नोंदवहीत आठवी अ, आठवी ब यांच्या खाली समितीच्या अध्यक्षांनी सही केली. जाता जाता हेडसरांना बजावून गेले, "खोकं भरून ठेवा सर, परतीचं."

त्या आठवड्यात मी बैठकीसाठी निवेदन लिहिलं. दोन पानं, झकास. पहिल्या ओळीत ग्रामीण विद्यार्थ्यांवरचा अन्याय, दुसऱ्या ओळीत जबाबदार कोण, खाली सहा मागण्या, शेवटी इशारा. शुक्रवारी याडीला वाचून दाखवलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्यात बकरी कुठाय?"

मी कागद घडी करून पिशवीत टाकला. फाडला नाही, माझा तितका विश्वास नव्हता.

शनिवारी परिपाठानंतर बैठक शिक्षकांच्या खोलीत भरली. हेडसर, अध्यक्ष, चार सदस्य, आणि दारापाशी मी. कोपऱ्यात चिकटपट्टीसकट खोकं. सदस्यांत एक मावशी आहेत, गावात दोन शेळ्या राखून असतात, अध्यक्षांना नात्यानं भाऊजी म्हणतात आणि कुणाला भीत नाहीत. खिडकीच्या गजांना आठवीची पोरं लटकलेली, मध्ये अध्यक्षांची लेक. हेडसरांनी विषय वाचला, "प्राप्त बालकादंबऱ्यांबाबत निर्णय घेणे."

अध्यक्षांनी घोंगडीच्या घडीतून निळं पुस्तक काढलं आणि टेबलावर आपटलं.

"आधी कैची आणा."

कुणाला काही कळेना. मला कळलं, आणि मी धावत जाऊन ग्रंथालयातली कात्री घेऊन आले.

"काका, दोरा कापला नाही अजून?"

"मेंढीची लोकर कातरतो मी. मला दोरा तोडता येत न्हाई व्हय? तोडणारच होतो. पर ही बसलेली समोर." त्यांनी खिडकीकडं बोट केलं. "म्हणती, बाबा, अंदाज सांगितल्याबिगर न्हाई. हिनं वाचलंय सगळं. पोटची पोरगी, पाच दिवस झाले सांगून न्हाई राहिली! रानात नेलं, विचारलं. जेवताना विचारलं. नुसती हसती."

"मग सांगा अंदाज," मी कात्री हातात घेऊन म्हटलं. नियम म्हणजे नियम.

शिवणीच्या आधीचं शेवटचं वाक्य असं आहे. पोरगी परक्या गावच्या माळावर एका खांडापाशी पोचलीय, तिला ओळखीच्या घुंगराचा आवाज आलाय, आणि तिनं हाक मारली.

"येणार," अध्यक्ष म्हणाले. "बकरी आवाज इसरत न्हाई. हाक ऐकली की खांड सोडून पळत येणार. लिहून घ्या."

"न्हाई यायची," मावशी म्हणाल्या.

"तू वाचलंय का?"

"वाचायला कशाला पाह्यजे? किती दिवस झाले हरवून?"

"चार महिने," मी म्हटलं.

"मंग तिला तिथं पिल्लू झालं असंल. पेत्या पिल्लाला सोडून येती व्हय बकरी? तुमच्या खांडातून आली व्हती का, भाऊजी, माझी काळी, मागच्या साली? हाका मारून घसा बसला माझा."

"ती तुझी काळी बहिरी व्हती!"

"बहिरे तुमी!"

खिडकीत पोरं लोळायची बाकी. हेडसर म्हणाले, "शांतता राखा", आणि लगेच त्यांनाही राहवलं नाही, "मला वाटतं ती शेळी तिची नसेलच. घुंगरू दुसऱ्या कुणी विकत घेतलं असेल." सगळे त्यांच्याकडं बघत राहिले. तिसरे एक सदस्य कधी काही बोलत नाहीत, ते म्हणाले, "सर, तुमी तर लईच निराश माणूस निघाले."

मी दोरा कापला. लाल होता, याडीच्या डब्यातला. अध्यक्षांनी चष्मा लावला आणि ते शेवटचं प्रकरण मोठ्यानं वाचायला लागले, एकेक शब्द चाचपत, बोट ओळीखालून सरकवत. आठ पानं आहेत. बाहेर नववीचा तास संपल्याची घंटा झाली, तरी बैठकीतलं कुणी उठून गेलं नाही.

शेवट काय आहे ते मी इथं लिहिणार नाही. नोंदवहीत त्या पुस्तकासाठी अजून बरीच नावं रांगेत आहेत. एवढंच सांगते की अध्यक्षांचा अंदाज चुकला.

त्यांनी पुस्तक मिटलं. चष्मा काढला. मग एकदम उसळून म्हणाले, "ह्या लिहिणाराला बकऱ्या कळत न्हाईत!"

"कळतात," मावशी म्हणाल्या आणि पदरानं नाक पुसलं. "चांगल्या कळतात."

"पर पोरगी..." अध्यक्ष थांबले. "पोरगी बराबर लिहिली. पोरगी तशीच करती." आणि त्यांनी खिडकीकडं पाहिलं. लेक हसत नव्हती. ती मान हलवून होकार देत होती, जणू तिनंच ते पुस्तक लिहिलंय.

पाऊण तास वाद चालला. शेळीनं बरोबर केलं का, पोरीनं बरोबर केलं का, त्या म्हातारीनं आधीच सांगायला हवं होतं का. बोध काय, हे कुणीही विचारलं नाही. मी घड्याळाकडं बघत होते, मुद्दाम. एकानंही नाही.

शेवटी हेडसरांनी घसा खाकरला. "ठराव लिहावा लागेल. सदर पुस्तके विद्यार्थ्यांच्या मूल्यशिक्षणास उपयुक्त असल्याने..."

"ते नका लिहू," अध्यक्ष म्हणाले. "लिहा, पुस्तकं इथंच राहतील."

"कारण लिहावं लागतं."

"कारण, रांग लागलीय."

हेडसरांनी तसंच लिहिलं. आजही ठरावाच्या वहीत ते वाक्य आहे, मी वरचेवर जाऊन बघते. आणि मी पत्रकवाली, एका विजयावर गप्प बसते की काय? मी तिथल्या तिथं म्हटलं, "अजून एक मागणी. नोंदवहीतला बोधाचा रकाना कायमचा जावा. मी पट्टी चिकटवलीय, ती छापून यावी."

"मॅडम, एका बैठकीत किती?" हेडसर कळवळले.

"पट्टी चांगली हाय," मावशी म्हणाल्या. "राहू द्या."

मंजूर. मी जिंकले. असं स्वतःच लिहिताना माणसानं जरा नम्र व्हावं म्हणतात, पण मला ते जमणार नाही. मी जिंकले, याडी जिंकली, चाळीस कादंबऱ्या जिंकल्या, मे महिन्यात उघडणाऱ्या गावांसकट. निवेदनाची दोन पानं पिशवीतून काढून मी त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रांगेतल्या लेकरांची नावं लिहिली.

अध्यक्षांनी जाण्याआधी नोंदवहीत आपल्या नावापुढं लिहिलं, "वाटलं होतं तसं न्हाई झालं." मग टेबलाशी वाकून हळू आवाजात, "म्याडम, दुसरं कोणतं जनावराचं हाय का?" मी त्यांना खंड्याचं दिलं. दारात त्यांनी सगळ्या सदस्यांना बजावलं, "इथं ऐकलं ते इथंच. घरी बायकोला वाचून दाखवायचंय मला. शेवट फोडला तर बघा." आणि निळं पुस्तक माझ्यापुढं धरून उभे राहिले, मी ते पुन्हा शिवेपर्यंत.

पुढच्या शनिवारच्या परिपाठात गोष्ट सांगायची पाळी त्यांच्या लेकीची होती. प्रार्थना झाली, सुविचार झाला. ती पुढं आली, हात मागं बांधले आणि सुरू केलं. बाजार, गर्दी, हरवलेली शेळी, म्हातारी, ट्रकवाला. मैदानावर पाचवीपासून दहावीपर्यंतची लेकरं मांडी घालून ऐकत होती. ती माळापर्यंत आली, घुंगरापर्यंत आली. "आणि तिनं हाक मारली," ती म्हणाली, आणि सवयीनं तिच्या तोंडून निघालं, "या कथेतून आपल्याला असा..."

ती थांबली. माझ्याकडं बघून हसली.

"पुढची पानं शिवलेली आहेत," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

टाळ्या नाही वाजल्या. अख्ख्या मैदानातून एकच आवाज उठला, "आऽऽऽऽ! सांग ना!"

मी कात्री घेऊन ग्रंथालयाकडं पळाले. टेबलापाशी पोचायच्या आत रांग माझ्या पुढं होती.